मोटारीचें फुटलेलें तावदान

शहरांतील सुशिक्षित कुटुंबांत मोटार ही आतां केवळ चैनीची वस्तु राहिलेली नाहीं. शाळा, कचेरी, दवाखाना आणि बाजार यांना जोडणारें तें घरचेंच एक साधन झालें आहे. नळ गळूं लागला किंवा दिव्याची तार जळली तर काय करावें, हें घरांतील माणसांना ठाऊक असतें. परंतु सकाळीं खालीं उतरून पाहावें तों मोटारीच्या मागच्या खिडकीची कांच फुटून तिचे शेंकडों कण बैठकीवर विखुरलेले दिसले, म्हणजे भल्याभल्यांची मति गुंग होते. मुलांचा चेंडू, रस्त्यावर उडालेला खडा किंवा चोराचा हात, कारण कोणतेंहि असो. नुकसान एकच दिसतें, आणि मेस्त्रीला बोलावून तें लौकर निस्तरावें एवढाच विचार मनांत येतो.

वस्तुतः प्रथम ध्यानांत घेण्याजोगी गोष्ट ही कीं, हें तावदान ज्या रीतीनें फुटलें त्याच रीतीनें फुटावें अशी योजना करूनच तें घडविलेलें असतें. पुढची मोठी कांच दगड लागला तर तडकते, कोळ्याच्या जाळ्यासारखी दिसूं लागते, पण जागच्या जागीं राहते. बाजूची कांच मात्र बहुतेक गाड्यांत एका क्षणांत खडीसाखरेसारख्या बोथट कणांची रास होऊन खालीं कोसळते. एकाच गाडींतील दोन कांचांचा हा स्वभावभेद समजला, म्हणजे दुरुस्तीचे बहुतेक नियम आपोआप समजतात.

या भेदाचें मूळ एका जुन्या करमणुकींत आहे. इ. स. १६६० च्या सुमारास राजपुत्र रूपर्ट यानें इंग्लंडांत कांचेचे कांहीं विलक्षण थेंब आणले व ते राजा दुसरा चार्लस याला दाखविले. वितळलेल्या कांचेचा थेंब गार पाण्यांत सोडला म्हणजे फुगीर डोकें व लांब बारीक शेपूट असा त्याचा आकार होतो. डोक्यावर हातोडा मारला तरी तें फुटत नाहीं. पण शेपटीचें टोंक नुसतें मोडलें कीं सबंध थेंबाचा चुरा होतो. याचें कारण असें कीं, पाण्यांत पडतांच बाहेरचा थर तत्काळ निवून कठीण होतो. आंतला गाभा मागाहून निवतो व निवतांना आकसूं पाहतो, परंतु बाहेरचें कवच त्याला आकसूं देत नाहीं. कवच सदैव दाबलेलें आणि गाभा सदैव ताणलेला, अशा स्थितींत तो थेंब राहतो. कांच तडकते ती ताणानें. म्हणून दाबाखालीं असलेलें कवच बळकट ठरतें. पण एकदां का चीर गाभ्यापर्यंत पोंचली, कीं सांठलेला ताण एकदम मोकळा होतो. १९९४ सालीं चंद्रशेखर व चौधरी या शास्त्रज्ञांनीं अतिवेगवान छायाचित्रांच्या साहाय्यानें ही चीर मोजली, तेव्हां तिचा वेग सेकंदाला १४५० ते १९०० मीटर भरला.

मोटारीच्या बाजूचें तावदान म्हणजे या थेंबाचाच सपाट भाऊ होय. १८७४ च्या सुमारास फ्रान्समध्यें द ला बास्ती यानें तापलेली कांच तेलांत बुडवून कणखर करण्याची कृति काढली. आज कांच ६०० अंश सेंटिग्रेडच्या वर तापवून तिच्या दोन्ही अंगांवर गार हवेचे झोत सोडतात. अशा कांचेला टेम्पर्ड म्हणतात, आणि ती साध्या कांचेच्या सुमारें चौपट मजबूत असते. पुढची कांच निराळ्या कुळांतली आहे. १९०३ सालीं फ्रेंच रसायनवेत्ता एदुआर बेनेडिक्टस याच्या प्रयोगशाळेंत एक कांचेचें भांडें खालीं पडलें. त्यास तडे गेले, पण तुकडे सुटे झाले नाहींत, कारण आंत सुकलेल्या सेल्युलोज नायट्रेटच्या पापुद्र्यानें ते धरून ठेवले होते. त्यांतून पुढें दोन कांचांमध्यें पारदर्शक पडदा चिकटविण्याची युक्ति निघाली व १९०९ सालीं तिचें पेटंट घेतलें गेलें. ही लॅमिनेटेड कांच.

यांतून व्यवहारांतला पहिला नियम निघतो. टेम्पर्ड कांच एकदां तयार झाली म्हणजे ती कापतां येत नाहीं व तिला भोंक पाडतां येत नाहीं. तसा यत्न केल्यास तिचाहि चुरा होतो. चित्राच्या चौकटीसाठीं बाजारांतून कांच मापाप्रमाणें कापून आणावी, तसें येथें चालत नाहीं. त्या गाडीच्या त्या खिडकीसाठीं, त्या बांकासह कारखान्यांत घडविलेलेंच तावदान आणावें लागतें. डावें व उजवें परस्परांच्या प्रतिबिंबासारखीं असतात. एक दुसऱ्याच्या जागीं बसत नाहीं. मागणी नोंदवितांना गाडीचा चॅसिस क्रमांक द्यावा, म्हणजे घोटाळा होत नाहीं. फुटलेल्या कांचेवरचा शिक्का तर चुऱ्यांत गेलेला असतो. पण समोरच्या बाजूचें जोडीचें तावदान शाबूत असतें. त्याच्या कोपऱ्यांत कारखान्याची खूण, मानकाचें चिन्ह आणि बहुधा कांचेचा प्रकार छापलेला असतो. भारतांत मोटारींच्या सुरक्षित कांचेसाठीं २५५३ क्रमांकाच्या भारतीय मानकाचा दुसरा भाग लागू आहे. नवें तावदान त्याच प्रकारचें व तेंच चिन्ह असलेलें घ्यावें. रंगाच्या बाबतींतहि मोकळीक नाहीं. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणें बाजूच्या कांचेतून निदान ५० टक्के प्रकाश आरपार गेला पाहिजे.

आतां फुटल्यानंतरच्या पहिल्या तासाकडे वळूं या. झाडू हातांत घेण्यापूर्वीं छायाचित्रें काढावींत. चोरी झाली असेल तर पोलिसांत वर्दी द्यावी, आणि विम्याचा दावा करावयाचा असेल तर दुरुस्तीच्या आधीं विमा कंपनीला कळवावें. दावा करावा कीं नाहीं, याचा हिशेब घरींच मांडतां येतो. कांचेच्या भागांवर सामान्यतः घसारा कापला जात नाहीं, हें खरें. परंतु १५०० घनसेंटिमीटरपर्यंतच्या एंजिनाच्या खाजगी गाडीस दर दाव्यामागें सामान्यतः पहिले १००० रुपये व त्याहून मोठ्या गाडीस २००० रुपये मालकानेंच सोसावे लागतात. शिवाय दावा न केल्याबद्दल हप्त्यांत मिळणारी सूट, जी २० टक्क्यांपासून चढत चढत ५० टक्क्यांपर्यंत जाते, तीहि बहुधा हातची जाते. लहानशा तावदानासाठीं दावा करणें पुष्कळदां आंतबट्ट्याचें ठरतें.

कण बोथट असतात खरे, पण ते निरुपद्रवी नव्हेत. जाड हातमोजे व पायांत बंद जोडे घालून मोठे ढीग आधीं उचलावे. नंतर व्हॅक्यूम क्लीनरनें बैठकीच्या फटी, पायपुसणीं व आसनाखालच्या पट्ट्या साफ कराव्या. लहान मुलांची खुर्ची मागें लावलेली असेल तर ती सोडवून, कापड काढून, बाहेर झटकावी. पट्ट्याच्या कुलपांत कण अडकला असेल तर पट्टा लागल्यासारखा वाटतो, पण पक्का बसत नाहीं. म्हणून प्रत्येक पट्टा तीन-चार वेळां लावून, जोरानें ओढून व सोडून पाहावा. मागें बसणारें माणूस बहुधा घरांतलें सर्वांत लहान किंवा सर्वांत वृद्ध असतें, हें विसरूं नये.

नवी कांच येईपर्यंत जाड पारदर्शक प्लॅस्टिक लावावें. चिकटपट्टी रंगावर उन्हांत राहिली तर तिचा गोंद रंगाला धरतो. यापेक्षां प्लॅस्टिक दाराच्या चौकटीवरून आंत-बाहेर सोडून दार लावून घ्यावें. चौकटच त्याला धरून ठेवते. अशी गाडी हळूं चालवावी आणि रात्रीं रस्त्यावर ठेवूं नये.

पुढचें काम कोणतें तावदान फुटलें त्यावर अवलंबून आहे. मागच्या दाराची वर-खालीं होणारी कांच ही एक जात. आणि तिच्या मागें कोपऱ्यांत पक्की बसविलेली लहान कांच, जिला कारागीर क्वार्टर ग्लास म्हणतात, ती दुसरी.

पहिल्या जातीच्या कामांत दाराच्या आंतलें पॅड उतरवावें लागतें. पुष्कळ नव्या गाड्यांच्या दारांत व छताच्या कडेला एअरबॅगचे भाग असतात. म्हणून बॅटरीची तार सोडून, गाडीच्या पुस्तिकेंत सांगितलेला वेळ थांबूनच हात घालावा. पॅडमागें प्लॅस्टिकचा एक पातळ पडदा दिसतो. अनाडी कारागीर तो फाडून टाकतो, आणि येथेंच पुढच्या पावसाळ्याच्या तक्रारीचें बीं पेरलें जातें. पावसाचें पाणी कांचेवरून दाराच्या पोकळींत उतरतच असतें, व दाराच्या तळाशीं असलेल्या भोंकांतून तें निघून जातें. तो पडदा पाण्याला आंतल्या बाजूस येऊं देत नाहीं. पडदा फाटला तर पॅड भिजतें; आणि फुटलेल्या कांचेचे कण भोंकांत बसले तर पाणी दारांत सांचून पत्रा आंतून गंजतो. म्हणून नवें तावदान बसविण्यापूर्वीं दाराच्या पोटांतील प्रत्येक कण काढून भोंकें मोकळीं झालीं कीं नाहीं, हें तांब्याभर पाणी ओतून मालकानें स्वतः पाहावें. कांच सरकण्याच्या चॅनलमधील कणहि असेच घातक. ते नव्या कांचेवर ओरखडे काढतात. मग कांच वरून तिरपी आंत सोडून वर-खालीं करणाऱ्या यंत्राच्या पकडींत बसवितात, आणि पॅड लावण्याआधींच ती पुरती वर-खालीं करून पाहतात.

नवी कांच हाताळतांना रूपर्टच्या थेंबाची शेपटी आठवावी. टेम्पर्ड तावदानाचा दुबळा भाग म्हणजे त्याची कड. मधोमध बसलेला धक्का तें सोसतें, पण फरशीवर कडेनें टेकवलें तर क्षणांत चुरा होण्याचा संभव असतो. तें नेहमीं घोंगडीवर अथवा लाकडावर ठेवावें.

कोपऱ्याची पक्की कांच जुन्या गाड्यांत बहुधा रबराच्या बीडिंगमध्यें बसविलेली असे. बीडिंगच्या खांचेंत दोरी घालून, साबणाचें पाणी लावून, कांच बाहेरून दाबून धरावयाची आणि दोरी आंतून ओढावयाची. दोरीबरोबर रबराची कड पत्र्यावर चढत जाते. नव्या गाड्यांत हीच कांच पुष्कळदां पॉलियुरेथेनच्या चिकट द्रव्यानें डकवितात. हें द्रव्य हवेंतील बाष्प घेऊन घट्ट होतें. दमट हवेंत लौकर, कोरड्या व थंड हवेंत सावकाश. मात्र पृष्ठभाग पूर्ण कोरडा व स्वच्छ हवा. जुन्या द्रव्याचा घट्ट बसलेला पातळ थर राहूं द्यावा; पत्रा उघडा पाडूं नये, आणि ओरखडा पडलाच तर त्यावर आधीं प्रायमर लावावा, नाहीं तर तेथें गंज चढतो व कांच सुटते. कांचेच्या कडेला दिसणारी काळी पट्टी शोभेसाठीं नसून खालच्या द्रव्याचें उन्हापासून रक्षण करण्यासाठीं असते. नळीवर जेवढे तास लिहिले असतील तेवढे तास गाडी हलवूं नये. पुढें एक दिवस दुसरी एखादी खिडकी बोटभर उघडी ठेवावी. सर्व खिडक्या बंद असतां दार आपटलें तर आंतल्या हवेचा दाब ओल्या सांध्याला बाहेर ढकलतो. जोराच्या पाण्यानें धुणेंहि दोन दिवस टाळावें.

येथपर्यंत प्रश्न खर्चाचा व नीटनेटकेपणाचा होता. पण या तावदानाचें एक कार्य असें आहे कीं त्याची किंमत रुपयांत होत नाहीं. २६ जुलै २००५ रोजीं मुंबईवर अतिवृष्टि कोसळली; सांताक्रूझ येथें २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला. त्या दिवशीं पाण्यांत सांपडलेल्या मोटारींत अडकून माणसें दगावलीं. बाहेर पाणी चढलें म्हणजे त्याच्या दाबानें दार उघडत नाहीं, आणि विजेवर चालणाऱ्या खिडक्या कांहीं वेळानें बंद पडतात. अशा वेळीं बाजूची फुटूं शकणारी कांच हेंच दार होय. पाणी चढूं लागतांच पट्टे सोडावे, खिडकी चालते तोंच उघडावी, आणि मुलांना आधीं बाहेर काढावें. खिडकी उघडेनाशी झाली तर टोंकदार हातोडीनें कांचेच्या मध्यावर न मारता कोपऱ्याजवळ मारावें.

हें टेम्पर्ड कांचेला लागू आहे. अलीकडे कांहीं गाड्यांत, आवाज कमी यावा व चोराला आडकाठी व्हावी म्हणून, बाजूलाहि लॅमिनेटेड कांच बसवितात. ती लहान हातोडीनें तडकते, पण वाट देत नाहीं. चोराला जी अडविते ती संकटांत घरच्यांनाहि अडविते. म्हणून मूळच्या प्रकाराऐवजीं दुसरा प्रकार बसविण्याचा आग्रह कोणी धरल्यास त्याचा हा अर्थ ओळखूनच उत्तर द्यावें.

दुरुस्त झालेली गाडी घरीं आली म्हणजे घरांतील सर्वांना एकदां तिच्याभोंवतीं उभें करावें. प्रत्येक खिडकीच्या कोपऱ्यांतील शिक्का वाचावा, कोणती कांच फुटते व कोणती फुटत नाहीं हें मुलांनाहि सांगावें, आणि हातोडी सामानाच्या कप्प्यांत न टाकतां चालकाच्या हाताशीं बांधून ठेवावी. या कामाला पांच मिनिटांहून अधिक वेळ लागत नाहीं.