दगडावर कोणाचे नाव?

(धारणी येथे बौद्ध कुटुंबांसमोर केलेले भाषण)



विहाराच्या अंगणात एक स्मारकशिला उभारावी, असे येथील तरुणांनी मनावर घेतले आहे. वर्गणी जमली, मजकूर मात्र अद्याप ठरावयाचा आहे. माझ्याकडे जो मसुदा आला, त्यात मोठ्या अक्षरांत उद्घाटक पाहुण्यांचे नाव आहे, त्याखाली वर्गणीदारांची नावे आहेत, आणि अगदी तळाशी ‘समस्त बौद्ध बांधव’ असे तीन शब्द आहेत. त्या तीन शब्दांविषयीच मला आज आपणांशी बोलावयाचे आहे.

आपल्या मेळघाटात जुन्या खुणांना तोटा नाही. चिखलदऱ्याजवळचा गाविलगड आपणांपैकी पुष्कळांनी पाहिला असेल. तेथील बहराम बुरुजावर १५७७ सालचा फारसी लेख आहे. १५ डिसेंबर १८०३ रोजी आर्थर वेलस्लीच्या फौजेने तो गड घेतला आणि किल्लेदार बेनीसिंग लढता लढता पडला, एवढे इतिहासात नमूद आहे. परंतु त्या बुरुजाचे धोंडे कोणी वाहिले, किल्लेदाराबरोबर मेलेली माणसे कोणाची कोण, हे सांगणारे अक्षर मला गडावर कोठेही दिसले नाही. आपले शेजारी कोरकू बांधव यांची रीत याहून निराळी. घरातील माणूस गेल्यावर ते सागाच्या फळीवर सूर्य, चंद्र व घोडेस्वार कोरून त्याच्या आठवणीचा मुंडा रोवतात. त्यामागचे विधी त्यांचे त्यांच्यापाशी. आपल्याला त्यांचे अनुकरण करावयाचे नाही. परंतु साध्या माणसाचीही खूण राहिली पाहिजे हा जो विचार त्यात आहे, तो गडावरच्या लेखाहून मला अधिक मोलाचा वाटतो.

आता भीमा-कोरेगावचा स्तंभ घ्या. १ जानेवारी १८१८ च्या लढाईनंतर कंपनी सरकारने तो उभारला; पायाभरणी २६ मार्च १८२१ ची. सरकारचा हेतू आपल्या विजयाची प्रौढी मिरविण्याचा होता, आपला गौरव करण्याचा नव्हता, हे आपण विसरू नये. पण मेलेल्यांची नावे कोरण्याची त्यास बुद्धी झाली. ४९ नावांत २२ नावांच्या शेवटी ‘नाक’ आहे. म्हणजे ते महार शिपाई होत. एवढ्या दोन अक्षरांनी पुढे काय घडविले पाहा. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्याच सरकारने महारांची सैन्यभरती बंद केली आणि हे लोक लढवय्ये नव्हेत असे ठरविले. तेव्हा शिवराम जानबा कांबळे यांनी त्या स्तंभाजवळ सभा भरविल्या आणि १९१० साली थेट विलायतेच्या भारतमंत्र्यांकडे अर्ज धाडला. अर्ज नाकारता येतो. सरकारने स्वतः कोरलेली नावे सरकारला नाकारता येत नाहीत. १ जानेवारी १९२७ रोजी बाबासाहेब तेथे गेले. त्या स्तंभावर ‘समस्त शूर शिपाई’ इतकेच लिहिले असते, तर तेथे दाखविण्यासारखे आपल्याजवळ काय राहिले असते?

नावे नसली म्हणजे काय होते, याचे उदाहरण साता समुद्रापलीकडे आहे. अमेरिकेतील लुइझियाना राज्यात कोलफॅक्स नावाचे गाव आहे. निवडणुकीचा निकाल वादात पडला असता काळ्या नागरिकांनी तेथील कचेरी धरून ठेवली होती. १३ एप्रिल १८७३ रोजी सशस्त्र गोऱ्यांनी त्यांच्यावर हल्ला केला. शरण आलेल्यांसही सोडले नाही. १९२१ साली गावच्या दफनभूमीत स्तंभ उभा राहिला, तो मेलेल्या तीन गोऱ्यांच्या नावांचा. १९५० साली राज्यसरकारने पाटी लाविली. तीत या कत्तलीला ‘दंगल’ म्हटले, आणि हिच्यामुळे गैरकारभार संपला असा तिचा गौरव केला. तिघांना नावे आणि दीडशे काळ्यांना नुसता आकडा! गावातील काळी मुले सत्तर वर्षे त्या पाटीखालून शाळेस जात राहिली असतील; त्यांनी आपल्या पूर्वजांविषयी काय समजावे? ती पाटी २०२१ साली निघाली. मारणाऱ्यांपैकी एकाचा वंशज आणि मेलेल्यांपैकी एकाचा वंशज अशा दोघांनी मिळून खटपट केली, आणि १३ एप्रिल २०२३ रोजी तेथे नवे स्मारक उघडले. त्यावर काळ्या माणसांची नावे आहेत. ती शोधण्यासाठी दीडशे वर्षांचे जुने कागद धुंडाळावे लागले.

आपले कागद तर त्याहून तोकडे. १३ नोव्हेंबर १९२७ रोजी अमरावतीस बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली परिषद भरली. अंबादेवीच्या मंदिरप्रवेशाचा प्रश्न तेव्हा पेटला होता. अध्यक्ष आपणांस ठाऊक आहेत. खेड्यापाड्यांतून भाकरी बांधून जे तेथे गेले, त्यांची नावे मात्र आपल्या घरांत आज कोणी सांगू शकेल काय? माझ्या आजीचीच गोष्ट सांगतो. तिने दीक्षा घेतली, घरातील देव्हारा स्वतःच्या हातांनी रिकामा केला. पण घरात जो एकुलता कागद उरला आहे, त्यावर ती ‘अमक्याची विधवा’ आहे. तिचे नाव मला माहीत आहे. माझ्या नातवास माहीत नाही. दोष माझाच.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरास जे बालवयात आईबापांच्या बोटाला धरून गेले, ते आज ऐंशीच्या घरात आहेत. त्यांच्या पाठोपाठ पुढे ज्या ज्या वर्षी ज्यांनी दीक्षा घेतली, त्यांत आपणांपैकी कित्येक आहात, आणि आपले नावही इतिहासाचेच आहे. म्हणून माझी सूचना अशी की, उद्घाटकांचे नाव शिलेच्या पाठीमागे जावे. वर्गणीदारांची यादी विहाराच्या वहीत राहील. शिलेच्या दर्शनी बाजूस प्रत्येक घरातून प्रथम दीक्षा घेणाऱ्याचे नाव, गाव आणि साल असावे. स्त्रियांचे नाव त्यांचे स्वतःचे असावे, कोणाची पत्नी म्हणून नव्हे. साल आठवत नसेल तर जागा मोकळी सोडावी. अंदाजाने भरू नये. एक खोटे साल निघाले की खऱ्या नावांवरही लोक संशय घेतात.

अशोकाने लुंबिनीस जो स्तंभ रोविला, त्यावर थोडक्या ओळी आहेत: तथागतांचा जन्म येथे झाला, आणि त्या गावाचा कर कमी केला. सम्राटालाही एवढे पुरले. तेव्हा आपण स्तुतीची लांबण न लावता नावांस जागा ठेवू.

येत्या पौर्णिमेस सकाळपासून मी वही घेऊन विहारात बसेन. घरातील वृद्धांस सोबत घेऊन या. ज्यांना चालवत नाही, त्यांच्या दारी दोन तरुण वही घेऊन जातील. पाथरवटास मजकूर त्यानंतरच द्यावयाचा आहे.

जय भीम.