मुक्त शिक्षण आपल्याला जमेल का?
नाशिकला १९८९ साली यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झालं, आणि नोकरी-संसारात अडकलेल्या कितीतरी जणांची शिकण्याची सोय झाली. तेव्हापासून ‘वेळ नाही ना, मग बाहेरून करू’ असं आपण सहज म्हणतो. माझ्या मते हाच हिशेब चुकतो. इथे जाण्यायेण्याचा वेळ वाचतो. अभ्यासाला लागायचा तेवढा लागतोच. कॉलेजात वेळापत्रक, हजेरी आणि (कबूल करा) सरांचा धाक आपल्याला पुढे रेटत असतो. इथे पुस्तकं हातात पडतात, अभ्यासकेंद्रावर मोजकी संपर्कसत्रं होतात, बाकी सगळं आपल्यावर. कुणी विचारेल, अशा पदवीला किंमत असते का? असते. मान्यताप्राप्त संस्थेची दूरशिक्षणातली पदवी नियमित पदवीच्या बरोबरीची आहे, असं विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ मध्ये स्पष्ट केलं. वैद्यकीय, अभियांत्रिकी असे प्रात्यक्षिकांवर उभे असलेले अभ्यासक्रम मात्र या मार्गाने करता येत नाहीत, आणि ते योग्यच. म्हणून प्रवेशअर्ज भरण्याआधी त्या विषयाचं एखादं पुस्तक आणा आणि महिनाभर, कुणी न सांगता, रोज तासभर वाचून पाहा. जमलं, तर आयोगाच्या संकेतस्थळावर संस्थेची मान्यता तपासा आणि मगच शुल्क भरा.