खोळंब्याचे मोल



कामगार चळवळीतल्या माणसाला व्यासपीठावर बोलवावे आणि त्याने संपाऐवजी नाक्यावरच्या गप्पांविषयी बोलावे, हे काहींना चमत्कारिक वाटेल. परंतु नागोठण्याच्या एस.टी. स्टँडावर चालणाऱ्या गप्पा आणि कामगारांची संघटना यांचे नाते आम्हाला फार जवळचे वाटते. तेच आज मांडायचे आहे.

नागोठण्यातून समुद्र दिसत नाही. पण त्याची भरती अंबा नदीतून येथवर चढते. सडका धड नव्हत्या तेव्हा मुंबईची माणसे आणि माल धरमतरच्या खाडीतून याच पाण्यावर येत. भरतीची वेळ रोज सुमारे पाऊण तास पुढे सरकते. म्हणून तर किनाऱ्यावर तिथीची पाऊणपट करून भरतीचा तास काढायची रीत पडली. अशा गावाला भिंतीवरच्या घड्याळाने चालून भागत नसे. मचवा चिखलात टेकला की तांडेल, हमाल, व्यापारी आणि परगावचा पाहुणा सारेच बंदरावर खोळंबत. आणि खोळंबलेली माणसे बोलतात. भाताचा भाव काय, कोणत्या खोताने कुणाला नाडले, ही बातमी अशीच गावोगाव जाई. याच जिल्ह्यात, म्हणजे तेव्हाच्या कुलाब्यात, चरीच्या शेतकऱ्यांनी १९३३ साली नारायण नागू पाटलांच्या पुढाकाराने खोतांविरुद्ध संप केला आणि तो १९३९ पर्यंत टिकवला. त्यांतल्या बहुतेकांना अक्षरओळख नव्हती. एवढी एकजूट छापील पत्रकांनी झाली नसेल. ती ओटीवर, बांधावर आणि बंदरावर बोलून झाली, असे आम्ही समजतो.

मुंबईचा पाहुणा दुपारी येथे उतरतो, चहाच्या दुकानातली माणसे पाहतो आणि म्हणतो, "काय निवांत गाव! कुणाला काही उद्योगच नाही." त्याने पहाटे यावे. चिंबोऱ्या आणि जिताडा घेऊन येणारी कोळीण ओहोटी-भरतीच्या हिशोबाने उठलेली असते. रानातून मोळी घेऊन येणारी कातकरी बाई कोसभर चालून आलेली असते. डोक्यावरचा भार उतरल्यावर ती घटकाभर टेकते, तेवढेच पाहुण्याच्या नजरेला पडते.

आणि ही टेकण्याची घटका कुणी फुकट दिलेली नाही. मुंबईच्या गिरणी कामगाराला आठवड्याची सुट्टीसुद्धा नव्हती. नारायण मेघाजी लोखंड्यांनी १८८४ पासून झगडून १८९० साली ती मिळवली. कारखान्यांतला आठवडा ५४ तासांवरून ४८ वर आणणारा कायदा १९४६ साली झाला. तेव्हा मजूर खाते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे होते. आठ तास काम, आठ तास झोप आणि उरलेले आठ तास माणसाचे स्वतःचे, ही जगभरच्या कामगारांची जुनी मागणी. त्या तिसऱ्या आठ तासांत काय करायचे, असे मालक विचारतात. आम्ही सांगतो: नाक्यावर उभे राहायचे.

एक उदाहरण देतो. १९८६ साली रेल्वे रोह्यापर्यंत पोचली, त्या दशकाच्या अखेरीस नागोठण्यात पेट्रोरसायनांचा मोठा कारखाना उभा राहिला, आणि साऱ्या परिसराला पाळ्यांची सवय झाली. अशाच एका कारखान्यात एकाच वाडीचे दोन तरुण एकाच ठेकेदाराकडे होते. एकाला दिवसपाळी, दुसऱ्याला रातपाळी. महिना महिना भेट नाही. एकदा गाडी चुकली म्हणून दोघे स्टँडावर अडकले. आम्हीही तिथेच होतो. बोलता बोलता निघाले की दोघांच्याही पगारातून प्रॉव्हिडंट फंड कापला जातो आणि दोघांच्याही खात्यावर पैसा दिसत नाही. तोवर प्रत्येकजण समजत होता की आपलेच कागद कुठेतरी चुकले असतील. त्याच बाकावर अर्जाचा मसुदा झाला. पुढच्या आठवड्यात त्यावर आणखी नऊ सह्या आल्या. गाडी वेळेवर आली असती तर दोघेही आपापल्या घरी गप्प बसून राहिले असते.

म्हणूनच सप्टेंबर २०२५ मध्ये राज्याच्या मंत्रिमंडळाने कारखान्यांतली दिवसाची मर्यादा नवावरून बारा तासांवर नेण्यास मंजुरी दिली, ही बातमी आम्हाला नुसत्या मजुरीची वाटत नाही. जास्त तासांचे जास्त पैसे मिळतील, असे सांगतात. मिळोत बापडे. परंतु बारा तास काम, दोन तास येणे-जाणे आणि आठ तास झोप धरली, तर उरतात दोन. त्यांत जेवायचे, बाजार करायचा, मुलाचे पुस्तक पाहायचे. नाक्यावर उभे राहायला वेळ कुठून आणणार? एकमेकांना न भेटणारी माणसे एकेकटी राहतात, आणि एकट्या माणसाला हवे तसे वाकवता येते, हे सांगायला आम्ही कशाला हवेत!

तेव्हा श्रोतेहो, उद्या आपल्या मुलाला नाक्यावर बोलत उभा पाहिलात, तर रागे भरण्यापूर्वी तो काय बोलतो आहे ते जरा ऐका. आणि तासांचा प्रश्न निघेल तेव्हा केवळ कामगारांनीच नव्हे, तर दुकानदार, शिक्षक आणि मायबहिणींनीही आमच्या बाजूला येऊन उभे राहा. गावाचा निवांतपणा हा साऱ्या गावाचा ठेवा आहे. तो एकट्या कामगाराने राखावा म्हटले तर राहायचा नाही.