नदी आधीं, नौका मागून



युरोपांतील नद्यांवरून आठ-दहा दिवसांची जलसफर करण्याची हौस अलीकडे आपल्या शहरांतील कुटुंबांतहि रुजूं लागली आहे. निवृत्तीच्या वेळीं हातीं आलेल्या रकमेंतून एकदां तरी परदेश पाहावा, किंवा मिळवत्या मुलांनीं आईवडिलांना तो दाखवावा, अशा सद्भावनेनें पुष्कळ घरांत रंगीत पुस्तिका चाळल्या जातात. त्या पुस्तिकांत प्रत्येक नौका राजवाड्यासारखी आणि प्रत्येक दिवस निरभ्र असतो. पैसे मात्र खरे असतात, आणि बहुधा अशी सफर आयुष्यांत एकदांच घडते. तेव्हां ही निवड कोणत्या क्रमानें करावी, याचा आज आपण विचार करूं.

सामान्यतः लोक आधीं नौका पाहतात, मग भाडें, आणि नदी सर्वांच्या शेवटीं. माझ्या मतें हा क्रम उलटा असावा. कारण नौकेचें आकारमान नदीच ठरवीत असते. ऱ्हाईन व डॅन्यूब या नद्यांची खोरीं जोडणारा १७१ किलोमीटर लांबीचा कालवा १९९२ सालीं पुरा झाला. त्यावर १६ लॉक आहेत. लॉक म्हणजे दोन दारांमधला प्रचंड हौद. नौका आंत घेऊन दार लावावयाचें, आणि पाणी भरून किंवा सोडून तिला पुढच्या पातळीवर न्यावयाचें. हा हौद १२ मीटर रुंद, म्हणून नौकेची रुंदी साडेअकरा मीटरांपलीकडे जाऊं शकत नाहीं. लांबीहि बहुधा ११० किंवा १३५ मीटर असते. त्यामुळें एका कंपनीची नौका दुसरीहून दिसावयास फारशी निराळी नसते. निराळी असते ती नदी.

ज्याला किल्ले व द्राक्षमळे पाहावयाचे आहेत त्यानें ऱ्हाईन निवडावी. बिंगेन ते कोब्लेंझ हें ६५ किलोमीटरांचें खोरें युनेस्कोनें २००२ सालीं जागतिक वारशांत घेतलें. त्या टापूंत सुमारें ४० किल्ले व गढ्या आहेत. ज्याला संगीत, राजवाडे आणि मोठीं शहरें यांची आवड आहे त्यानें डॅन्यूबवर जावें. व्हिएन्ना, ब्राटिस्लाव्हा आणि बुडापेस्ट या तीन राजधान्या एकाच सफरींत भेटतात. गर्दी नको, डोंगरउतार आणि शांतता हवी, असें वाटणाऱ्यास पोर्तुगालमधील डौरो नदी मानवेल. तेथें प्रवासी नौका रात्रीं चालत नाहींत, आणि काराप्रातेलो येथील लॉकमध्यें नौका ३५ मीटर वर उचलली जाते, तें दृश्यहि पाहण्याजोगें असतें.

नदी ठरली म्हणजे नकाशा उघडावा. जाहिरातींत प्राग शहराचें नांव असलें, तरी प्राग डॅन्यूबवर वसलेलें नाहीं. तो भाग बसनें करावा लागतो. व्हिएन्नांत नौका जेथें लागते तेथून जुनें शहर कांहीं किलोमीटर दूर आहे. आणखी एक प्रश्न अवश्य विचारावा. ऱ्हाईनचें तें खोरें, किंवा डॅन्यूबवरील मेल्क ते क्रेम्स हा वाखाऊचा रमणीय भाग, नौका दिवसा ओलांडते कीं रात्रीं? पुष्कळ अंतर रात्रीं कापलें जातें. ज्यासाठीं एवढा खर्च केला तें निजेंत निघून गेलें, तर दोष कोणास द्यावा? ॲम्स्टरडॅमहून बाझलकडे जाणारी नौका प्रवाहाविरुद्ध चालते, म्हणून तिची गति मंद असते आणि पाहण्यास वेळ अधिक मिळतो.

आतां पाण्याविषयीं. नदी ही रेल्वेची सडक नव्हे. ऑक्टोबर २०१८ मध्यें ऱ्हाईनवरील काउब येथील मोजपट्टीवर पाणी अवघ्या २५ सेंटिमीटरांच्या खुणेपर्यंत उतरलें, आणि ऑगस्ट २०२२ मध्यें पुन्हां टंचाई आली. उलट जून २०१३ मध्यें पासाऊ येथें डॅन्यूबचें पाणी सुमारें १२.९ मीटरांवर चढलें. १५०१ नंतर एवढा पूर तेथें आला नव्हता. पाणी उणें झालें कीं नौका तळाला लागते, आणि अधिक झालें कीं पुलाखालून जात नाहीं. अशा वेळीं प्रवाशांना बसनें पुढें नेतात किंवा दुसऱ्या नौकेवर चढवितात. कंपनी अशा प्रसंगीं काय देईल, पैसे परत करील कीं नाहीं, हें करारांत लेखी पाहिल्याशिवाय सही करूं नये. आल्प्सचें बर्फ वितळल्यानें ऱ्हाईनला वसंताच्या अखेरीस व उन्हाळ्याच्या आरंभीं चांगलें पाणी असतें. टंचाई बहुधा उन्हाळ्याच्या उत्तरार्धांत व शरदांत येते. आपल्याकडील मे महिन्याची सुटी या दृष्टीनें सोयीची आहे.

वृद्ध मंडळी बरोबर असतील तर खोलीची निवड महत्त्वाची. सर्वांत खालच्या मजल्याची खोली स्वस्त, पण खिडकी उंच व लहान असते, आणि लिफ्ट तेथवर पोंचतेच असें नाहीं. मागच्या टोकाला यंत्राचा आवाज येतो. धक्क्यावर दोन-तीन नौका एकमेकींना खेटून बांधतात. मग बाल्कनीसाठीं मोजलेल्या पैशांत शेजारच्या नौकेची भिंत दिसते, आणि उतरण्यासाठीं दुसऱ्या नौकेंतून जावें लागतें. गांवांतील रस्ते दगडगोट्यांचे असतात. म्हणून आईच्या गुडघ्यांची चौकशी नौकेच्या दिवाणखान्याच्या चौकशीआधीं करावी. शाकाहारी मंडळींनीं केवळ ‘शाकाहारी’ हा शब्द लिहून थांबूं नये. मासे, अंडीं आणि मांसाचा रस यांपैकीं काय चालत नाहीं तें स्पष्ट कळवावें.

व्हिसाच्या बाबतींतहि नदीच बोलते. बुडापेस्टच्या खालीं काळ्या समुद्राकडे जाणारी सफर सर्बियांतून जाते, आणि सर्बिया शेंगेन समूहांत नाहीं. पुढें रुमानिया व बल्गेरिया लागतात. ते १ जानेवारी २०२५ पासून त्या समूहांत पूर्णपणें सामील झाले आहेत. म्हणजे आपण समूहाबाहेर पडून पुन्हां आंत शिरतों. अशा सफरीसाठीं एकाहून अधिक वेळां प्रवेश देणारा व्हिसाच मागावा. शेंगेन व्हिसासाठीं किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा लागतोच. सफर रद्द झाल्यास भरपाई देणारा विमा मात्र आपण होऊन घ्यावा लागतो.

शेवटीं, ज्यांची पुंजी बेताची आहे त्यांनीं खट्टू होऊं नये. ऱ्हाईनच्या त्या खोऱ्यांत दोन्ही काठांनीं आगगाडी धांवते आणि हंगामांत दिवसाच्या प्रवासी बोटीहि चालतात. वाखाऊंतहि हंगामांत दिवसाच्या बोटी चालतात. कोब्लेंझला किंवा क्रेम्सला चार दिवस साधी खोली घ्यावी, सकाळीं बोटीनें जावें, संध्याकाळीं गाडीनें परतावें. राजवाडी नौकेंतील प्रवासी जे किल्ले पाहतो तेच आपणहि पाहतों, आणि एखादें गांव आवडलें तर तेथें हवा तितका वेळ बसतांहि येतें.

तेव्हां पुस्तिका हातीं घेण्यापूर्वीं ज्यांच्यासाठीं हा बेत आहे त्यांनाच एक प्रश्न विचारा: तुम्हांला काय पाहावयाचें आहे, आणि दिवसाकाठीं किती चालवतें? या उत्तरावरून नदी ठरेल, नदीवरून ऋतु ठरेल, आणि नौका मग आपोआप ठरेल.