जामीन कोण?
(रौप्यमहोत्सवी कार्यक्रमातील भाषण)



मला विषय दिलाय ‘अनिश्चित काळ आणि माणसाचा स्वभाव’. विषय मोठा, वक्ता लहान. छत्तीस वर्षे बँकेत कर्जाच्या फायली चाळल्या, तेवढाच माझा माणसांचा अभ्यास. सातबारा पाहून जमीन कळते, माणूस कळत नाही. म्हणून मी आधी जामीनदार कोण ते बघायचो. शहाणा माणूस ज्याच्यासाठी सही करतो, त्याच्यात काहीतरी असतंच.

आता दोन गोष्टी सांगतो. दोन्ही तुमच्यासमोर घडलेल्या आहेत.

३० जुलै २०१४. शेजारच्या आंबेगाव तालुक्यात माळीणवर डोंगर कोसळला. सकाळी एसटी घेऊन गेलेल्या ड्रायव्हरला गावच दिसेना, तेव्हा जगाला कळलं. १५१ माणसं गेली. आपल्या सोसायटीने त्या पावसात ब्लँकेटं, भांडी, कपडे गोळा केले. आळेफाटा, मंचर, घोडेगाव करत टेम्पो गेला. कोणी ‘कशाला’ म्हणून विचारलं नाही. पावती पुस्तकसुद्धा लागलं नाही. (बँकवाल्याला हे जरा खटकलंच!)

दुसरी गोष्ट मे २०२० ची. टाळेबंदी होती. मुंबईहून आपल्याच एका सभासदाचा मुलगा बायको आणि चार वर्षांच्या पोरीला घेऊन रात्री गेटवर आला. गेटला नोटीस होती, ‘बाहेरगावाहून येणाऱ्यांना प्रवेश नाही’. खाली सही माझी, तेव्हा मी सेक्रेटरी होतो. आई-बाप गॅलरीत उभे, मुलगा गेटबाहेर. मी फोनवर म्हणालो, “बाळा, नियम सगळ्यांना सारखा.” ती तिघं त्या रात्री गाडीतच झोपली. उसाच्या कडेला, बिबट्याच्या मुलखात. पोरीचं रडणं माझ्या बेडरूमपर्यंत येत होतं.

माळीणला टेम्पो भरणारे हात हेच. मग एवढा फरक का पडला? मी बरंच गुंतलोय यात. मला वाटतं, लांबच्या संकटात आपल्याला फक्त द्यायचं असतं. दारातल्या संकटात आपलं काही जाण्याची भीती असते. भ्यालेला माणूस वाईट नसतो, पण नियमाच्या मागे फार लवकर लपतो. मी लपलो.

सकाळी सहाला तळमजल्यावरच्या बाई खाली आल्या. निवृत्त शिक्षिका, वय बहात्तर, एकट्या राहायच्या. तोंडाला पदर बांधलेला. म्हणाल्या, “साहेब, माझी मागची खोली रिकामी आहे, दार वेगळं आहे, संडास वेगळा आहे. चौदा दिवस ही तिघं तिथं राहतील. काय झालं तर जबाबदारी माझी. वहीत लिहा, मी सही करते.”

मी आयुष्यभर जामीनदार शोधले, पण असा पाहिला नव्हता. त्यांच्याकडे तारण म्हणजे स्वतःचा जीव होता. मी वही आणली नाही. गेट उघडलं.

चौदा दिवस नीट गेले. पण म्हणून माझी चूक नव्हती किंवा बाईंचं धाडस बरोबरच होतं, असा हिशोब मी मांडत नाही. कोणी आजारी पडलं असतं तर आज मी हे भाषण कसं केलं असतं, मला सांगता येत नाही. घाबरणाऱ्यांचीही बाजू होती. त्यांच्या घरात दम्याचे म्हातारे होते.

पुढच्या एप्रिलमध्ये मी आणि सौ. दोघंही पॉझिटिव्ह निघालो. रोज दुपारी दाराच्या कडीला डबा अडकवलेला असायचा. बेल वाजायची, दार उघडेपर्यंत कोणी नसायचं. एक दिवस डब्यात भाकरीबरोबर लहान मुलाने काढलेलं चित्र होतं. एक गेट, आणि ते उघडं.

बाई आता आपल्यात नाहीत. ती नोटीस मात्र सोसायटीच्या दप्तरात आहे, मी फाडली नाही. नव्या कमिटीने चार्ज घेताना ती माझ्याकडून मोजून घ्यावी.

जेवणं थांबलीत, म्हणून मीही थांबतो.