आईचं विसरणं हसण्यावारी नेऊ नका

(विहाराच्या वर्धापन दिनानिमित्त झालेल्या महिला मेळाव्यातील भाषण)



पाळी जाण्याच्या वयाबद्दल पुरुषाने विहारात बोलावं काय, असं काहींना वाटेल. १९२८ साली मुंबई कायदेमंडळात कामगार स्त्रियांच्या बाळंतपणाच्या लाभाचं बिल आलं, तेव्हा बाबासाहेब भर सभागृहात त्याच्या बाजूने बोलले. मग आम्ही त्यांच्या लेकरांनी लाजावं कशाला?

साधारण ४५ ते ५० च्या दरम्यान पाळी जाते. अंडाशयात तयार होणारं इस्ट्रोजेन कमी होतं. अंगातून वाफा निघतात, घामाने झोप मोडते. शब्द ओठावर येऊन अडतो, किल्ली कुठे ठेवली ते आठवत नाही. घरचे म्हणतात, 'हिचं डोकं फिरलं.' कोणी भगताकडे नेतात. बंधूंनो, हे वेड नव्हे आणि बाहेरचंही नव्हे. बहुतेकींचा हा विसर तात्पुरता असतो. पण रोजची गल्ली चुकू लागली, रोजचा स्वयंपाक जमेना, तर डॉक्टर गाठलाच पाहिजे.

काही बायांवर हे वय लादलं जातं. २०१९ साली शासनाच्या समितीपुढे बीड जिल्ह्यातलं चित्र आलं. ८२ हजारांवर ऊसतोड बायांच्या पाहणीत १३ हजारांवर बायांची पिशवी काढलेली निघाली. कित्येकी पस्तिशी-चाळिशीच्या आतल्या. पाळीत खाडा झाला की मुकादम दंड कापतो. खाडा म्हणजे काय, हे आम्हा गिरणीवाल्यांना कुणी सांगायला नको! पिशवीबरोबर दोन्ही अंडाशयं काढली, तर इस्ट्रोजेन एकाएकी तुटतं. तरुणपणी असं झालं, तर पुढे हाडं, हृदय आणि स्मरणशक्ती, तिन्हींना धोका वाढतो. अशा बाईला हार्मोनची गोळी लागेल का, हे डॉक्टरला जरूर विचारावं.

पण हीच गोळी म्हातारपणी बुद्धीसाठी कुणी देऊ लागला, तर सावध व्हा. अमेरिकेत ६५ वर्षांवरच्या ४,५३२ स्त्रियांवर चाचणी झाली. निम्म्यांना दोन हार्मोनची खरी गोळी, निम्म्यांना खोटी. २००३ साली निकाल आला. स्मृतिभ्रंश झालेल्या खऱ्या गोळीवाल्या ४०, खोट्या गोळीवाल्या २१! नुकतीच पाळी गेलेल्या स्त्रियांवर पुढे चाचणी झाली, तिचा निकाल २०१५ साली आला. त्यांची बुद्धी गोळीने वाढलीही नाही, घटलीही नाही. वाफांवर मात्र या गोळीचा चांगला गुण येतो. म्हणून गोळी वाईट नाही. कुणाला, कोणत्या वयात, कशासाठी, हे विचारलं पाहिजे.

तथागतांनी पारखून घ्यायला शिकवलं. तेव्हा पिशवी काढा म्हणणाऱ्याला कारण विचारा, दुसऱ्या डॉक्टरला दाखवा, अंडाशयं ठेवणार की काढणार हे आधी विचारून घ्या. रक्तदाब, साखर तपासून घ्या. मिश्री सोडा. आणि बंधूंनो, या वयात तिला रात्रीची झोप मिळू द्या. पहाटेचं पाणी आपण भरू!

जय भीम! नमो बुद्धाय!