न्यू ऑर्लिन्सची मुलींची शाळा



यंदाच्या वर्धापनदिनी कोणीतरी पाहिलेल्या स्थळाविषयी बोलावे असे ठरले आणि माझे नाव पुढे आले. धाकट्या दिरांकडे अमेरिकेला गेले होते, तेव्हा न्यू ऑर्लिन्स शहरातले जुने अर्सुलाइन कॉन्व्हेंट पाहिले. तेथल्या इंग्रजी पाट्या पुतणीने वाचून सांगितल्या. त्याविषयी चार शब्द बोलते.

१७२७ साली फ्रान्समधून अर्सुलाइन पंथाच्या कॅथलिक धर्मभगिनी जहाजाने तेथे आल्या. प्रवासाला पाच महिने लागले. त्यांतल्या एका तरुण मुलीने वडिलांना लिहिलेली पत्रे पुढल्याच वर्षी फ्रान्समध्ये छापली गेली, म्हणून ही हकीकत आपल्याला कळते. त्या वेळी ती वसाहत एका फ्रेंच व्यापारी कंपनीच्या ताब्यात होती. कंपनीला हव्या होत्या इस्पितळात रोग्यांची शुश्रूषा करणाऱ्या बायका. भगिनींचे व्रत मात्र मुलींना शिकवण्याचे. त्यांनी दोन्ही केले, आणि शाळेसाठी स्वतःच्या घराची वाट पाहिली नाही. कंपनीने कबूल केलेले घर पुरे व्हायला सात वर्षे लागली! तोवर दुसऱ्याच्या घरात वर्ग चालले. त्यांच्या प्रमुख मारी त्रांशपँ १७३३ साली वारल्या. भगिनी नव्या घरात गेल्या १७३४ साली.

आणि ते घर तरी कसे? लाकडी खांब उभे करून मध्ये विटा भरलेल्या, पण लाकूड बाहेरून उघडेच. नदीकाठची दमट हवा आणि धो धो पाऊस! पावसाळ्यापूर्वी घराला झडी बांधणाऱ्या आपल्या कोकणातल्या बाईला विचारले असते, तर तिने आधीच सांगितले असते. दहा-बारा वर्षांतच लाकूड कुजले.

मग १७४५ साली ब्रूतँ नावाच्या इंजिनियरने नव्या इमारतीचा नकाशा केला. ती बांधून व्हायला १७५३ साल उजाडले. या खेपेला भिंती भक्कम विटांच्या आणि वरून गिलावा. दोन मजले, त्यावर माळा, चारी बाजूंनी उतरते उंच छप्पर आणि छपरातून डोकावणाऱ्या लहान खिडक्या. नक्षीकाम बेताचेच, पण खिडक्यांच्या सरळ रांगा पाहून मन निवते. आत शिरल्यावर गोल वळत जाणारा लाकडी जिना लागतो. तो पहिल्या, कुजलेल्या घरातून काढून येथे बसवलेला आहे. जुन्यातले चांगले तेवढे निवडून ठेवायचे, ही संसारी रीत मला फार आवडली. पायऱ्या मधोमध झिजल्या आहेत.

या शाळेत वसाहतवाल्यांच्या मुली होत्या, अनाथ मुली होत्या. गुलाम काळ्या मुलींना आणि तेथल्या मूळ रहिवाशांच्या मुलींनाही धर्मशिक्षण मिळे. ऐकून बरे वाटले. पण भगिनींच्या स्वतःच्या मालकीचेही गुलाम होते, त्यांच्या शेतमळ्यावर राबत. शिकवणारे हात आणि माणसे विकत घेणारे हात एकच! त्या काळी सगळेच तसे करीत, असे म्हणून मला तरी ते सोडून देता येत नाही. शाळेचे कौतुक करायचे तर हेही त्याच तोंडाने सांगितले पाहिजे.

१७८८ च्या आगीत शहरातल्या आठशेहून अधिक इमारती जळाल्या, ही वाचली. मधल्या काळात मुलूख स्पेनकडे गेला होता. १८०३ साली तो अमेरिकेने विकत घेतला, तेव्हा घाबरून बऱ्याच भगिनी हवानाला निघून गेल्या. मागे राहिलेल्यांनी सरळ राष्ट्राध्यक्ष जेफरसन यांना पत्र लिहून विचारले, आमची मालमत्ता आमचीच राहील ना? १८०४ साली त्यांचे उत्तर आले. मालमत्ता सुरक्षित राहील आणि संस्था आपल्या नियमांप्रमाणे चालवा, सरकार त्यात हात घालणार नाही, असा त्याचा आशय. नवऱ्याच्या वा भावाच्या सहीवाचून बायकांनी असा कागद मिळवला, तोही त्या काळात!

१८२४ साली शाळा नदीच्या खालच्या अंगाला नव्या जागेत गेली आणि जुनी इमारत बिशपांकडे आली. १९१२ साली शाळेने पुन्हा बिऱ्हाड हलवले, ते शहराच्या दुसऱ्या टोकाला स्टेट स्ट्रीटवर. जुन्या इमारतीत आता संग्रहालय आहे. तिकीट काढून आत जाता येते. तो जिना मात्र दुरूनच पाहावा लागतो.